पाहिलेले, ऐकलेले, ताडलेले : विंतू भाषेविषयी

भाषाविज्ञानाची पुस्तके चाळणाऱ्याला विंतू ही भाषा बहुधा दोनच ठिकाणी भेटते. एकदा लाकडे फोडणाऱ्या माणसाच्या उदाहरणात आणि एकदा डास चावलेल्या हाताच्या उदाहरणात. दोन्ही उदाहरणे विलक्षण आहेत आणि ती मीही पुढे सांगणारच आहे. पण वर्षानुवर्षे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत गेल्यामुळे ती आता जणू कुठल्याच गावची राहिलेली नाहीत. ही वाक्ये कोणत्या नद्यांच्या काठी बोलली गेली, ती कोणी टिपून घेतली, ती बोलणाऱ्या लोकांचे आणि त्या नद्यांचे पुढे काय झाले, याची वाच्यता सहसा होत नाही. विंतूचे व्याकरण तिच्या भूगोलापासून आणि इतिहासापासून तोडून पाहिले की ते केवळ एक नवल उरते, आणि नवल म्हणून पाहिलेल्या गोष्टीविषयी माणसे वाटेल ते सिद्धान्त मांडतात, असे माझे मत आहे. म्हणून आधी जागा पाहू.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात शास्ता हा बर्फाच्छादित ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या दक्षिणेला सॅक्रमेंटो नदीचे वरचे खोरे, तिला मिळणारी मक्क्लाउड नदी, पिट नदीचा खालचा भाग, आणि पश्चिमेला डोंगर ओलांडल्यावर ट्रिनिटी नदीचे वरचे खोरे, असा हा विंतू या आदिवासी जमातीचा मुलूख आहे. आजच्या नकाशावर तो मुख्यत्वे शास्ता आणि ट्रिनिटी या दोन काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, येतो आणि रेडिंग हे त्यातले मोठे शहर आहे. विंतूंच्या दक्षिणेला नोमलाकी आणि त्यांच्याही दक्षिणेला, थेट सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या उत्तरेकडच्या दलदलीच्या प्रदेशापर्यंत, पॅटविन भाषा बोलणारे लोक राहत. या भाषा मिळून विंतुअन नावाचे एक छोटे भाषाकुल होते. त्यातल्या विंतू आणि नोमलाकी एकमेकींच्या बऱ्याच जवळच्या आहेत, पॅटविन मात्र दूरची.

युरोपीय लोक येण्यापूर्वी एकट्या कॅलिफोर्नियात ऐंशी ते शंभर वेगवेगळ्या भाषा बोलल्या जात होत्या असे मानले जाते, आणि त्या एकाच कुळातल्याही नव्हत्या. रोलंड डिक्सन आणि आल्फ्रेड क्रोबर या दोन मानववंशशास्त्रज्ञांनी 1913 मध्ये त्यांतल्या काही कुळांना एकत्र बांधून ‘पेनुशियन’ असा एक मोठा गट सुचवला आणि विंतुअनला त्यात जागा दिली. तो गट कितपत खरा आणि कितपत सोयीचा, यावर वाद आजही चालू आहे. भाषाशास्त्रज्ञ केनेथ व्हिसलर यांनी 1977 मध्ये मांडलेला तर्क मला अधिक रंजक वाटतो. त्यांनी विंतुअन भाषांमधली वनस्पती आणि प्राण्यांची नावे तपासली. कोणती नावे कुळाच्या मूळ भाषेपर्यंत मागे नेता येतात आणि कोणती शेजाऱ्यांकडून उसनी घेतलेली आहेत, हे वेगळे काढून त्यांनी असे दाखवले की हे लोक उत्तरेकडून, आजच्या ओरेगॉनच्या बाजूने, सॅक्रमेंटोच्या खोऱ्यात उतरले असावेत. ज्या झाडाचे नाव आपल्याकडे मुळात नव्हते ते झाड आपल्या जुन्या प्रदेशात नव्हते, इतका साधा आणि इतका पक्का हा विचार आहे. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे हेच व्हिसलर पुढे युनिकोड या संगणकीय लिपिसंकेताच्या कामात अग्रणी झाले. पडद्यावर देवनागरी नीट उमटते तेव्हा विंतूच्या या अभ्यासकालाही त्याचे थोडे श्रेय जाते.

विंतूचे ध्वनी मराठी वाचकाला अर्धे ओळखीचे आणि अर्धे पूर्ण परके वाटतील. प आणि त या स्थानांवर तिच्यात चार-चार व्यंजने आहेत. साधा प, महाप्राण फ, घोष ब हे तिन्ही आपल्याकडेही आहेत, आणि इंग्रजी भाषकाला जो फरक मुद्दाम कान देऊन शिकावा लागतो तो आपल्याला जन्मजात ऐकू येतो. चौथ्या जागी मात्र आपल्या भ ऐवजी तिथे एक वेगळाच प आहे. हा उच्चारताना कंठातला श्वासमार्ग क्षणभर बंद करायचा, तोंडातली हवा दाबायची आणि ओठ उघडताच ती टिचकीसारखी बाहेर सोडायची. तसाच त, तसाच च, तसाच क. याशिवाय पडजिभेपाशी उच्चारला जाणारा, अरबीतल्या ‘क़’ सारखा एक वर्ण आहे, जिभेच्या कडांवरून हवा सोडत काढायचा एक अघोष ल आहे, आणि स्वर पाचच असले तरी ऱ्हस्व-दीर्घाने शब्दाचा अर्थ बदलतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत आपण लिहिताना वाद घालतो आणि बोलताना बरेचदा तो भेद सोडून देतो. विंतूत तसे चालत नाही.

आता लाकडे फोडणाऱ्या माणसाकडे वळू. हे उदाहरण डोरोथी डेमेट्राकोपुलू ली यांचे आहे. त्या जन्माने ग्रीक, इस्तंबूलमध्ये वाढलेल्या, आणि बर्कली येथील विद्यापीठात संशोधन करत असताना 1929 पासून काही वर्षे मानववंशशास्त्रज्ञ कोरा द्यु बॉय यांच्यासह विंतूंच्या मुलुखात काम करणाऱ्या. ‘हॅरी लाकडे फोडत आहे’ एवढेच विंतूत सांगायचे असेल तर ते एवढेच सांगता येत नाही, असे ली यांनी दाखवले. क्रियापद आहे ‘कुपा’. त्यातला क कंठ आवळून उच्चारायचा. बोलणाऱ्याने हॅरीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असेल तर तो ‘कुपाबे’ म्हणेल. कुऱ्हाडीचे घाव नुसते ऐकू येत असतील, किंवा लाकडाची ढलपी उडून अंगावर आली असेल, तर ‘कुपान्थे’. दुसऱ्या कोणी सांगितले असेल तर ‘कुपाके’. हॅरीच्या खोपीत गेल्यावर तो जागेवर नाही आणि कुऱ्हाडही जागेवर नाही असे दिसले, तर ‘कुपारे’. आणि यांतले काहीच नसताना, हॅरी रोज या वेळी लाकडे फोडायला जातो हे ठाऊक आहे म्हणून केवळ अनुभवाच्या आधारावर बोलायचे असेल, तर ‘कुपाएल’. हॅरीचे काम तेच, लाकडेही तीच. बदलते ते बोलणाऱ्याला ही गोष्ट कशी कळली एवढेच, आणि ते क्रियापदाच्या शेवटी सांगून टाकावे लागते.

आपल्या भाषेत यांतले काही नाही असे मुळीच नाही, आणि विंतूला अद्‌भुत ठरवण्याच्या भरात हे विसरले जाते. ‘तो म्हणे लाकडं फोडतोय’ यातले ‘म्हणे’ नेमके ‘के’ चे काम करते. ते एका शब्दात माहितीची जबाबदारी दुसऱ्यावर टाकते. ‘लाकडं फोडत असावा’ आणि ‘लाकडं फोडत असेल’ ही दोन वाक्येही सारखी नाहीत. पहिल्यात समोर काहीतरी पुरावा दिसल्याचा वास आहे, दुसऱ्यात सवयीवरून बांधलेला अंदाज चालतो. आणि ‘फोडतोय वाटतं’ म्हणताना बहुधा आवाज कानावर पडलेला असतो. मात्र मराठीत हे सारे ऐच्छिक आहे, आणि सीमारेषाही पुसट आहेत. मनात आणले तर ‘तो लाकडं फोडतोय’ असे ठणकावून सांगावे आणि कसे कळले ते गुलदस्त्यात ठेवावे, याची मराठी पूर्ण मोकळीक देते. वृत्तपत्राच्या भाषेत तर ‘कळते’, ‘समजते’ या क्रियापदांनी कोणाला आणि कोणाकडून हे अलगद झाकता येते. विंतूतली व्यवस्था इतकी सैल नव्हती.

यातला ‘न्थे’ हा प्रत्यय मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. डोळे सोडून इतर सगळ्या इंद्रियांचे ज्ञान त्याच्या वाट्याला येते. ऐकलेला आवाज, नाकाला आलेला वास, जिभेवरची चव, अंगाला लागलेली ढलपी, एवढेच नव्हे तर शरीराच्या आत जाणवणारे दुखणेखुपणे, आणि डोळ्यांपलीकडच्या शक्तींविषयीची आतून आलेली जाणीवसुद्धा याच प्रत्ययाने सांगितली जाते. म्हणजे पोटातली कळ आणि अदृष्टाची चाहूल ही दोन्ही एका खणात पडतात. वरवर पाहता हे विचित्र वाटते. पण दोन्ही गोष्टींचा पुरावा बोलणाऱ्याला स्वतःला मिळालेला असतो आणि तरीही तो दुसऱ्याला दाखवता येत नाही, हे लक्षात घेतले की ही वर्गवारी चांगलीच तर्कशुद्ध ठरते. डोळ्यांनी दिसणारे शेजाऱ्यालाही दाखवता येते, आतून जाणवलेले दाखवता येत नाही. व्याकरणाने रेघ तिथे ओढली आहे.

अर्थात पाच प्रत्ययांचा हा नीटस तक्ता ली यांचा आहे, आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्यात फेरफार केले. अ‍ॅलिस शेफर्ड यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या प्रत्ययांचे मूळ शोधले. हे प्रत्यय एके काळी स्वतंत्र क्रियापदे असावीत आणि झिजत झिजत दुसऱ्या क्रियापदांच्या शेपटीला चिकटली असावीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांच्या मांडणीत डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला खास प्रत्ययाची गरजच नसते. तीच गृहीत धरलेली अवस्था, आणि जे पाहिलेले नाही त्यालाच खूण लागते. शिवाय हे प्रत्यय केवळ पुराव्याचे प्रकार सांगत नसून घटना बोलणाऱ्यापासून किती जवळ किंवा किती दूर आहे हेही सांगतात, असे त्या म्हणतात. ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ हे शब्द जसे बोलणाऱ्याच्या उभ्या जागेवरून अर्थ घेतात, तसेच हे प्रत्यय. मला ही मांडणी ली यांच्या तक्त्यापेक्षा पटते. क्रियापदाच्या शेपटीला एखादे जुने क्रियापद जडते आणि त्याचा अर्थ पातळ होत जातो, ही घडामोड आपण ‘टाकणे’, ‘बसणे’, ‘ठेवणे’ यांच्या बाबतीत रोज करतो. तिच्यासाठी गूढ मनोवृत्तीची गरज पडत नाही.

ली यांची अडचण इथेच सुरू होते. 1938 आणि 1944 मधल्या लेखांत त्यांनी व्याकरणावरून थेट विंतू माणसाच्या विश्वदृष्टीवर उडी घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. विंतू माणसाच्या लेखी वास्तव हे त्याच्या आधीपासून आणि त्याच्यावाचून अस्तित्वात आहे. तो त्या वास्तवाला घडवत नाही. त्याच्या वाट्याला आलेला तुकडा फक्त अनुभवतो आणि त्या अनुभवाची ग्वाही देतो. नामांच्या बाबतीतही त्यांना हेच दिसले. विंतूत बहुतेक नामांना अनेकवचन नाही. त्याऐवजी नामाची दोन रूपे होतात, एक जातिवाचक आणि दुसरे विशिष्ट वस्तूचे. हरीण हा प्राणी सामान्यपणे, आणि समोरचे हे हरीण, असा भेद आधी. हरणे किती, हे सांगितलेच पाहिजे असे नाही. लोकांचे नावसुद्धा या व्यवस्थेतून आलेले आहे. ‘विंथूह’ म्हणजे अमुक एक माणूस आणि ‘विंथून’ म्हणजे माणूस, माणसे, सर्वसाधारणपणे. ‘विंतू’ आणि ‘विंतून’ ही पुस्तकांतली दोन्ही नावे याच शब्दाच्या दोन रूपांवरून पडली. ली यांच्या मते इथेही समष्टी मूळची आहे आणि व्यक्ती तिच्यातून क्षणभर वेगळी काढलेली आहे. शरीराला शब्द विचारला तेव्हा त्यांना ‘कोत विंथू’, म्हणजे आख्खा माणूस, असे उत्तर मिळाले. मालकी आणि सक्ती दाखवणारी वाक्येही त्यांना विंतूत वेगळी सापडली; आई बाळाला सावलीत नेत नाही, ती बाळासह सावलीत जाते, आणि नायक लोकांवर सत्ता चालवत नाही, तो लोकांसह उभा असतो.

हे सारे वाचताना मोहून जायला होते हे मान्य करायला हवे. ली यांच्या लेखनात जी आस्था आहे ती त्या काळच्या कितीतरी अभ्यासकांत नव्हती. ज्या लोकांना शासन आणि शेजारी दोघेही मागास समजत होते त्यांच्या व्याकरणातून एक प्रगल्भ विचार वाचून दाखवणे, हे 1930 च्या दशकात सोपे काम नव्हते. तरीही तर्क म्हणून ही उडी फसवी आहे. मराठीत ‘माझ्याकडे पैसे आहेत’, ‘मला बहीण आहे’, ‘मला भूक लागली’ अशी वाक्ये आहेत, यात ‘मी’ कुठेच कर्ता नाही आणि इंग्रजीसारखे मालकीचे क्रियापदही नाही. एवढ्यावरून मराठी माणसाला मालकीची भावना कमी आहे असे कोणी म्हटले तर बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणारी मंडळी हसतील. व्याकरण बोलणाऱ्याला काय सांगणे भाग पाडते हे दाखवता येते. तो माणूस मनात काय मानतो हे दाखवायला वेगळा पुरावा लागतो.

दुसरे उदाहरण मात्र टीकेच्या चाळणीतूनही शाबूत राहते, कारण त्याला भूगोलाचा आधार आहे. विंतू माणूस नदीच्या काठाने वरच्या दिशेला चालला असेल तर डोंगर त्याच्या पश्चिमेला असतात, नदी पूर्वेला असते, आणि डास त्याच्या पश्चिमेकडच्या हाताला चावतो. तो परत फिरला की डोंगर अजूनही पश्चिमेलाच असतात, नदी पूर्वेलाच असते, पण खाजवताना तो आता आपल्या पूर्वेकडच्या हाताला खाजवतो. आपल्या बोलण्यात हात तोच राहतो, डावा तो डावाच, आणि माणूस वळला की डोंगर डावीकडून उजवीकडे जातात. विंतूच्या बोलण्यात डोंगर हलत नाहीत. डावे-उजवे सांगणारे शब्द तिच्यात नव्हते असे नाही. एखादा माणूस डावखुरा आहे हे सांगायला ते लागत. पण जागा सांगताना दिशा वापरायची, ही रीत होती.

ही रीत कुठून आली ते नकाशा पाहिल्यावर कळते. ट्रिनिटी सोडली तर या मुलुखातल्या प्रमुख नद्या डोंगरांतून वाट काढत सॅक्रमेंटोच्या मोठ्या खोऱ्याकडे उतरतात, वस्त्या काठांवर आहेत, आणि प्रवास म्हणजे नदीच्या वर किंवा नदीच्या खाली. ‘मेम’ म्हणजे पाणी, नदी. मक्क्लाउड नदी ही ‘विनेमेम’, मधली नदी, कारण तिच्या एका बाजूला सॅक्रमेंटो आणि दुसऱ्या बाजूला पिट आहे. तिच्या काठचे लोक स्वतःला आजही विनेमेम विंतू म्हणवतात. ‘नोम’ म्हणजे पश्चिम, आणि ते नोमलाकी या शेजाऱ्यांच्या नावात आहे. गटांची नावे अशी दिशांवरून आणि पाण्यावरून पडलेली, आणि क्रियापदांच्या अंगातही हाच नकाशा भिनलेला. विंतू ही प्रामुख्याने प्रत्यय जोडत जाणारी भाषा आहे. एका धातूची निवेदनाचे, आज्ञेचे आणि नामाचे अशी तीन वेगवेगळी अंगे होतात आणि त्यांपुढे प्रत्ययांची माळ लागते. नामांना कर्म, संबंध, स्थान आणि साधन दाखवणारे विभक्तिप्रत्यय लागतात, ज्यात मराठी वाचकाला काहीच अनोळखी वाटू नये. पण धातूच्या आधी जे मोजके उपसर्ग लागतात ते वर, खाली, आत, बाहेर आणि दिशा सांगणारे आहेत. जाणे, फेकणे, पाहणे या क्रिया सांगतानाच त्या कोणत्या बाजूला घडल्या ते क्रियापदाच्या तोंडाशी सांगितले जाते आणि ती क्रिया कशी कळली ते शेवटाशी. एका शब्दाच्या दोन टोकांना अशी ही बांधाबांध आहे.

ज्या नदीकाठांवर ही भाषा उभी होती ते काठ शंभर-सव्वाशे वर्षांत तिच्या पायाखालून काढून घेतले गेले. 1830 ते 1833 या काळात सॅक्रमेंटोच्या खोऱ्यात हिवतापाची भीषण साथ आली. केस-कातडी मिळवण्यासाठी आलेल्या शिकारी टोळ्यांबरोबर ती पसरली असे मानतात, आणि खोऱ्यातल्या विंतुअन लोकांपैकी तीन-चतुर्थांश त्यात गेले असावेत असा अंदाज आहे. 1846 मध्ये जॉन फ्रेमॉन्ट या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याच्या तुकडीने सॅक्रमेंटोच्या काठी केलेल्या कत्तलीत शेकडो माणसे मेली. नेमका आकडा अजूनही वादात आहे. 1848 मध्ये ट्रिनिटी नदीत सोने सापडले आणि मग खाणवाल्यांची रीघ लागली. 23 एप्रिल 1852 रोजी ट्रिनिटी काउंटीत हेफोर्कजवळ, ब्रिज गल्च नावाच्या घळीत, एका गोऱ्या माणसाच्या खुनाचा सूड म्हणून पहाटे एक आख्खी विंतू वस्ती मारली गेली. मेलेले सुमारे दीडशे, त्यांत बायका आणि मुलेही; आणि त्या खुनाशी या वस्तीचा संबंध नव्हता, तो दुसऱ्याच गटाने केलेला होता. याच सुमारास, 1851 आणि 1852 मध्ये, अमेरिकी सरकारच्या अधिकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या आदिवासी जमातींशी अठरा करार केले होते. त्यांतला एक कॉटनवुड क्रीकच्या काठी विंतूंच्या प्रमुखांबरोबर झाला. सिनेटने ते अठराही करार फेटाळले आणि कागदपत्रे गुप्त ठेवली; ती 1905 मध्ये उघड झाली. तोवर करारात कबूल केलेल्या जमिनी केव्हाच दुसऱ्यांच्या झाल्या होत्या.

उरलेल्यांची मुले सरकारी निवासी शाळांत गेली, जिथे मातृभाषा बोलणे हा गुन्हा होता. आणि मग 1938 ते 1945 या काळात शास्ता धरण बांधले गेले. उंची 183 मीटर. सॅक्रमेंटो, पिट आणि मक्क्लाउड या तिन्ही नद्या त्याने एकत्र अडवल्या. विनेमेम लोकांची गावे, नाचाच्या आणि पूजेच्या जागा, दफनभूमी पाण्याखाली गेल्या. काही मृतांचे अवशेष उकरून दुसरीकडे पुरले गेले. सामन मासा, ज्याला विनेमेम लोक ‘नुर’ म्हणतात आणि ज्याच्याशी आपले नाते रक्ताचे असल्याचे मानतात, तो समुद्रातून वर यायचा बंद झाला. डासाच्या त्या प्रसिद्ध उदाहरणातला काठ नेमका कुठला होता हे ली यांनी सांगितलेले नाही. पण ज्या प्रदेशात त्यांनी नोंदी केल्या त्यातले कितीतरी काठ पंधरा वर्षांच्या आत जलाशयाचा तळ झाले.

भाषेच्या नोंदी मात्र तुलनेने समृद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकात जेरेमाया कर्टिन यांनी कथा लिहून घेतल्या. मक्क्लाउडच्या काठी 1872 मध्ये सरकारी मत्स्यबीज केंद्र काढणारे लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी शब्दसंग्रह केला. ली आणि द्यु बॉय यांच्यानंतर हार्वी पिटकिन यांनी 1950 च्या दशकात काम केले. बर्कलीत मेरी हास आणि मरे एमेनो यांनी उभ्या केलेल्या भाषासर्वेक्षणाचा तो भाग होता. हे एमेनो म्हणजे निलगिरीतल्या तोडा भाषेचे आणि ‘भारत हे एक भाषिक क्षेत्र’ या कल्पनेचे अभ्यासक. पिटकिन यांचे व्याकरण 1984 मध्ये आणि कोश 1985 मध्ये छापून आला. शेफर्ड यांनी स्वतंत्र कोश आणि मूळ भाषेतल्या संहिता प्रसिद्ध केल्या, आणि हेफोर्क भागातल्या ग्रेस मॅककिबिन यांच्या कथा, गाणी व आठवणी 1997 मध्ये पुस्तकरूपाने आल्या. ज्यांनी ही भाषा लहानपणी घरात ऐकली अशांपैकी विनेमेमांच्या आध्यात्मिक नेत्या फ्लॉरेन्स जोन्स 2003 मध्ये वारल्या, आणि त्यानंतर अस्खलित बोलणाऱ्यांची पिढी संपली असे मानले जाते.

पण लोक संपलेले नाहीत. विनेमेमांना केंद्र सरकारची अधिकृत मान्यता आजही नाही, तरीही 2004 मध्ये शास्ता धरणाची उंची वाढवण्याच्या बेताविरुद्ध त्यांनी धरणावरच युद्धनृत्य केले. मक्क्लाउडच्या त्याच मत्स्यबीज केंद्रातून फार पूर्वी न्यूझीलंडला पाठवलेल्या अंड्यांचे वंशज तिथल्या नद्यांत जगले असल्याचे कळल्यावर 2010 मध्ये ते त्या माशांसाठी नृत्य करायला तिकडे गेले. 2022 मध्ये राज्य आणि संघीय यंत्रणांच्या मदतीने सामनची अंडी मक्क्लाउडच्या पाण्यात पुन्हा उबवली गेली. अशा विधींत, गाण्यांत, प्रार्थनांत विंतूचे शब्द वापरात आहेत. कोश आणि ध्वनिमुद्रणांच्या आधाराने भाषा शिकण्याचे प्रयत्न होत आहेत. त्याच कुळातली पॅटविन भाषा शिकवण्याचे काम योचा देहे ही जमात करते आहे.

छापील साधनांवरून विंतू शिकणाऱ्यांची वाट अवघड आहे ती केवळ त्या टिचकीच्या व्यंजनांमुळे नाही. पिटकिन आणि शेफर्ड यांच्या लेखनपद्धती वेगळ्या, ट्रिनिटीकाठची बोली आणि मक्क्लाउडकाठची बोली वेगळ्या, आणि संहितांत कथा पुष्कळ असल्या तरी स्वयंपाकघरातले, रस्त्यावरचे, चिडवाचिडवीचे बोलणे तुलनेने थोडे. शिवाय वाक्य संपवायचे म्हणजे ते कसे कळले हे ठरवायचे. फोनच्या पडद्यावर चलचित्रात दिसलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली धरायची, की कोणीतरी सांगितलेली? दूरच्या बहिणीचा ध्वनिमुद्रित निरोप ऐकला तर तिथे ‘न्थे’ येईल की ‘के’? 1930 मध्ये हॅरीविषयी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे प्रश्न पडले नव्हते, म्हणून छापील व्याकरणात त्यांची उत्तरे नाहीत. ती आता शिकणाऱ्यांनीच आपापसांत बोलून ठरवायची आहेत, आणि पुरेशी माणसे पुरेसे बोलली तर जे रूप रुळेल तेच विंतूतले बरोबर रूप असेल.